पांदण रस्त्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचा

महोदय,
कुणी लाच घेताना पकडला गेल्याची बातमी आली की आमच्या गावच्या पारावर दिवसभर तोच विषय. पण पांदण रस्त्यावर मुरूम किती ब्रास पडला, हे विचारायला तिथला एकही जण उठत नाही. मागच्या वर्षी मी १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून त्या कामाची मोजमाप पुस्तिका पाहिली. कागदावर मुरमाचा जाड थर होता. रस्त्यावर पहिल्याच पावसात बैलबंडी रुतली. अर्ज मागे घ्या म्हणून घरी माणसे येऊन गेली. एकट्याने विचारले की तो गावाचा वैरी ठरतो. पन्नास जणांनी ग्रामसभेत विचारले, तर कुणाकुणाच्या घरी जातील?

म्हणून काम सुरू होण्याआधीच त्याचे अंदाजपत्रक ग्रामसभेत वाचले जावे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ठळक रंगवावा. घरकुलाच्या हप्त्यासाठी पैसे मोजणाऱ्या बाईला कुणी सांगतच नाही, की २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही गुन्हा आहे. मात्र बळजबरीने द्यावी लागली आणि ७ दिवसांत तक्रार केली, तर तिला संरक्षण आहे. ते सात दिवस ती भीतीपोटी गप्प राहते, याचे मला फार वाईट वाटते.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत आम्ही काही शेतकरी हा ठराव मांडणार आहोत. सोयाबीन सोंगणीचे दिवस असतील; सभा सायंकाळी ठेवावी, म्हणजे मजूर बायांनाही येता येईल.

— एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा