गव्हाच्या चित्राखाली गव्हाचंच नाव लिहा की

माननीय संपादक,

घर सजवायच्या तुमच्या लेखात गव्हाच्या शेतीची जुनी छापील चित्रं फ्रेम करून लावायची आयडिया वाचली. म्हापशात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, त्यामुळे हे खूळ रोज बघतोय. होमस्टेवाले, कॅफेवाले, आसगाव-शिवोलीकडे जुनी घरं घेऊन रिनोव्हेट करणारे, सगळ्यांना ते पिवळट कागदावरचं शेत, घोडे, गव्हाच्या पेंढ्या पाहिजेत. चित्रं छानच असतात, प्रश्नच नाही. माझी तक्रार त्याखाली जे लिहितात त्याबद्दल.

मध्ये एकाने पितळी पाटी करूनच आणली, "जुन्या गोव्यातली कापणी". चित्रात काय, तर घोड्यांनी ओढायचं कापणीचं मशीन आणि नजर पोचेल तिथपर्यंत सपाट रान, माड सोडा, एक झुडूपसुद्धा नाही! आता आपली शेती म्हणजे भात. पावसातलं सरद पीक, मागाहून वायंगण पीक, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात बांध आणि मानस (पाणी अडवायचं दार), आणि पाय घातला की चिखल. ते मशीन अमेरिकेतलं, सायरस मॅकॉर्मिकने १८३४ साली पेटंट घेतलं त्या जातीचं, आणि १८७०-८० च्या सुमारास तिथल्या डकोटा प्रांताकडे गव्हाची अवाढव्य शेतं झाली तेव्हा तिकडच्या साप्ताहिकांत असली चित्रं धडाधड छापली जायची. हे सगळं सांगितलं तर म्हणे टुरिस्टला काय कळतंय. अहो टुरिस्टला नसेल कळत, पण शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्याने जन्मभर भात कापलंय, त्याला गव्हाची ताठ ओंबी आणि भाताची वाकलेली लोंबी यातला फरक लांबूनच दिसतो, तो हसतो.

दुसरं म्हणजे "ओरिजिनल" म्हणून काय वाट्टेल ते खपवतात. साधं भिंग घ्या आणि बघा. जुनी चित्रं लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून छापलेली, त्यात सलग रेघा दिसतात, आणि चित्र मोठं असेल तर ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडून वेगवेगळ्या कारागिरांकडे कोरायला द्यायचे, म्हणून कधीकधी आभाळातून एक बारीक पांढरी रेघ सरळ खाली उतरलेली सापडते, तो त्या सांध्याचा माग. मला ती रेघ सापडली की भारी वाटतं. पण रिप्रिंटवरही ती रेघ उतरतेच, त्यामुळे नुसत्या तिच्यावर जाऊ नका, रंगीबेरंगी ठिपके दिसले तर ते हल्लीचं प्रिंट समजा. साप्ताहिकातलं पान उलटं केलं की बहुतेक वेळा मागे मजकूर असतो. आणि साप्ताहिकातली ही चित्रं काळीपांढरीच असायची, रंग बऱ्याचदा नंतर विकणाऱ्यांनी हाताने भरलेत. रिप्रिंट घेण्यात काही वाईट नाही हो, चांगलंच दिसतं, फक्त बिलावर रिप्रिंट असं लिहा आणि पैसे त्याच हिशेबाने घ्या. खरं पान मिळवायला जुने बांधीव अंक फाडतात तेही मला पटत नाही, पण तो विषय वेगळा.

आणि लेखात पावसाचा शब्दच नाही! गोव्यात कागद काचेला टेकवून बसवला तर ओलीने तो काचेलाच चिकटतो, मग काढताना चित्राची वाट लागते. मध्ये माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, तोही ॲसिड-फ्री. फेव्हिकॉल नको, सेलोटेप तर नकोच नको. फ्रेमच्या मागे खालच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे लावा म्हणजे भिंत आणि फ्रेमच्या मधून हवा जाते, आणि चिऱ्याच्या भिंतीला ओल येत असेल तर तिथे चित्र लावूच नका, दुसरी भिंत बघा.

आता मुख्य मुद्दा. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथे, गोव्यात आला आणि आपण भिंतीवर डकोटा लावून त्याला गोवा म्हणतोय. लोपिश मेंदिश नावाचा पोर्तुगीज माणूस, धंद्याने शेतीतज्ज्ञ, इथे राहून चित्रं काढून गेला आणि त्यावरून केलेल्या छापील चित्रांचं त्याचं पुस्तक १८८६ साली लिस्बनला निघालं. देवळं, चर्च, माणसं, सगळं आहे त्यात. पणजीच्या सेंट्रल लायब्ररीने असल्या जुन्या पुस्तकांतल्या चित्रांचे चांगले प्रिंट काढून परवडेल अशा किमतीत विकायला ठेवावेत. मी पहिला घेईन, आणि गिऱ्हाइकांनाही तेच दाखवीन. तोवर ज्यांना गहू आवडतो त्यांनी खुशाल गहू लावावा, खाली देश आणि साल लिहावं, ज्या अंकातून आलं त्याचं नाव माहीत असलं तर तेही. पाटी करायला फार खर्च येत नाही.

आपला,
एक फ्रेमवाला, म्हापसा