बिघाड बॉडीत की लेन्समध्ये, हे आधी ठरू द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नव्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. जुना डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) बिघडलाच, तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता सरळ मिररलेस घ्यावा, असा सल्ला लेखकाने शेवटी जाता जाता दिला आहे. नेमके काय बिघडले आहे, हा प्रश्न त्यात कुठेच येत नाही, म्हणून हे पत्र.

माझा कॅमेरा दर तिसऱ्या-चौथ्या फोटोला अडकून त्रुटीचा संदेश दाखवू लागला, तेव्हा मी लेन्सचे संपर्कबिंदू कोरड्या कापडाने पुसले, कार्ड आणि बॅटरी बदलून पाहिली. फरक पडला नाही. सेवा केंद्राने मुख्य बोर्ड गेल्याचे सांगून नव्या बॉडीच्या, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याच्या, जवळपास निम्म्या किमतीचे अंदाजपत्रक हाती दिले आणि त्यापेक्षा नवाच घ्या, असेही सुचवले. निर्णय घेण्याआधी एका मित्राची लेन्स मागून आणली, तर शेकडो फोटो विनातक्रार निघाले. मग स्वतःच्या लेन्सचे छिद्र (प्रकाश आत सोडणारे, लहानमोठे होणारे ॲपर्चर) पूर्ण उघडे ठेवून पाहिले, तरीही सारे सुरळीत. ते एफ/८ वर, म्हणजे लहान मापावर, नेताच कॅमेरा पुन्हा अडकला. डीएसएलआरमध्ये दृश्य पाहताना छिद्र उघडेच असते आणि फोटो निघण्याच्या क्षणी ते ठरलेल्या मापापर्यंत मिटते. त्या यंत्रणेकडे जाणारी पातळ फ्लेक्स केबल झूम करताना वाकून वाकून तुटली होती, आणि छिद्र हलवण्याची गरज नसेल तेव्हा हा दोष दिसतच नव्हता. केबल बदलण्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या मानाने किरकोळ होता. सल्ला मानून मी नवी बॉडी घेतली असती, तर तीच आजारी लेन्स तिच्यावरही चढली असती. मिररलेस घेतला असता, तर अडॅप्टरमार्फत, म्हणजे जुनी लेन्स नव्या बॉडीला जोडणाऱ्या कड्यामार्फत, तिथेही तेच घडले असते.

बॉडीतले सगळे बिघाडही सारखे नसतात. उत्पादक शटरची, म्हणजे फोटोच्या क्षणी उघडमीट होणाऱ्या पडद्याची, चाचणी मॉडेलनुसार एक, दीड किंवा दोन लाख फोटोंपर्यंत करतात, पण तो आकडा म्हणजे कॅमेऱ्याची मृत्युतिथी नसते आणि शटरचा संच बदलता येतो. पाणी शिरून बोर्ड गंजला असेल तर मात्र मीसुद्धा दुरुस्तीचा आग्रह धरणार नाही, कारण गंज पसरत राहतो आणि एक भाग बदलला की महिन्याभरात दुसरा कुरकुरू लागतो. कधी दोष उत्पादनातलाच असतो. निकॉनच्या २०१२ सालच्या डी६०० या मॉडेलमध्ये सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या भागावर, डाग पडत. फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने वॉरंटी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही तपासणी, सफाई आणि शटर बदलणे विनामूल्य करण्याचे जाहीर केले. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी आपल्या मॉडेलबाबत अशी काही घोषणा झाली आहे का, हे पाहून घ्यावे.

राहिला प्रश्न प्रणाली बदलण्याचा. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०१८ मध्ये नवे माऊंट, म्हणजे बॉडीवर लेन्स बसवण्याची जोडणी, आणले आणि माऊंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर कॅननमध्ये ४४ मिलिमीटरवरून २० वर, तर निकॉनमध्ये ४६.५ वरून १६ वर आले. मधली मोकळी जागा अडॅप्टर भरून काढतो, म्हणून जुनी लेन्स नव्या बॉडीवर चालते. नवी लेन्स जुन्या बॉडीवर चालत नाही. त्यातही, ज्या जुन्या निकॉन लेन्सचे फोकसिंग बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असते, त्यांचे ऑटोफोकस निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर बंद पडते. ज्याच्याकडे अशा चार लेन्स आहेत, त्याने खर्चाचा हिशेब बॉडीवर थांबवू नये. डोळ्यांचा वेध घेणारे ऑटोफोकस, कमी वजन, आवाज न करणारे शटर ही बदलाची चांगली कारणे आहेत, याबद्दल माझा वाद नाही. पण ती कॅमेरा धडधाकट असतानाही होतीच, आणि तेव्हा ज्याला त्यांची गरज भासली नाही, त्याला केबल तुटल्यावर ती अचानक का भासावी?

सेवा केंद्रांनी अंदाजपत्रकात नादुरुस्त भागाचे नाव आणि तो कोणत्या चाचणीतून सापडला हे लिहावे, बॉडी आणि लेन्स वेगवेगळ्या तपासाव्यात, आणि प्रत्येक मॉडेलचे सुटे भाग कोणत्या वर्षापर्यंत मिळतील हे कंपन्यांनी विक्रीच्या वेळीच छापावे, अशी माझी मागणी आहे. आपल्या पुरवणीने पुढच्या लेखात हा विषय घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक