७५४२ चा अर्थ सांगणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं 'काका'. गेल्या महिन्यात कागदात गुंडाळलेली पू-अर चहाची (चीनमधला, दाबून चकती करून वर्षानुवर्षं मुरवायचा चहा) चकती छातीशी धरून दुकानात शिरलेला आणि 'हा १९७५ सालचा आहे' असं तोऱ्यात सांगणारा माणूस आठवत असेल, तर तो मी.

तुम्ही हसला नाहीत, त्याचे आभार आधी मानतो. ज्याने ती चकती विकली त्याने आवरणावरच्या ७५४२ या आकड्यावर बोट ठेवून 'पंचाहत्तर म्हणजे साल' असं सांगितलं होतं आणि मी मान डोलावून पैसे मोजले होते. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तोच आकडा उलगडलात. पंचाहत्तर हे मिश्रणाची कृती ठरली ते साल, चार ही पानांची प्रत आणि शेवटचा दोन म्हणजे चीनच्या युनान प्रांतातला मेंगहायचा कारखाना. त्या कृतीने पुढेही वर्षानुवर्षं चकत्या बनत राहिल्या आणि प्रत्येकीला तोच आकडा. इतकी साधी गोष्ट, आणि मी दोन वर्षं ती चकती पाहुण्यांसमोर मिरवत होतो!

एवढ्यावर थांबला असतात तर मी खट्टू होऊन परतलो असतो. पण 'आकडा राहू द्या, जिभेला विचारू' म्हणत तुम्ही झाकणाचे दोन छोटे पेले मांडलेत. एकात माझा चहा, दुसऱ्यात तुमच्याकडचा वीस वर्षांहून जास्त मुरलेला कच्चा, म्हणजे ढीग करून न आंबवलेला, पू-अर. चकतीच्या कडेतून सुई घालून पानं न मोडता अलगद सोडवलीत. (मी घरी बत्त्याने ठोकायचो. तेव्हा सांगायचं धाडस झालं नाही.) प्रत्येकी पाच ग्रॅम, उकळतं पाणी, पहिलं पाणी ओतून टाकायचं.

माझा चहा पिवळसर, तुरट, मागून किंचित गोड. वाईट नव्हता, कोवळा होता. तुमचा लालसर तपकिरी. पहिल्या घोटाला जुन्या लाकडी पेटीचा वास आला, थोडा कापराचाही. चौथ्या पाण्याला खारकेसारखा गोडवा उतरला आणि तुरटपणा कुठल्या कुठे गेला. पूर्वी एके ठिकाणी 'जुना' म्हणून प्यायलेल्या चहाला तळघराचा कुबट वास होता. चहा मुरला की असाच वास येतो, अशी तेव्हापासून माझी समजूत. तो दमट जागेत कोंडून घाईने म्हातारा केलेला, हे तुमच्यामुळे कळलं.

शेवटी दोन्हींची भिजलेली पानं पांढऱ्या बशीत पसरलीत. माझी हिरवट, तुमची गडद तपकिरी, पण बोटाने उलगडली तर अजून लवचिक. इथे माझी उरलीसुरली शंका फिटली.

मी विचारलं, मग झटपट मिळतो तो काळाभोर पू-अर कोणता? तुम्ही युनानमधल्याच कुनमिंग शहरातल्या कारखान्यापासून, १९७३ सालापासून सुरुवात केलीत. पानांचा ढीग ओला करून, झाकून, काही आठवड्यांत आंबवायची रीत तिथे बसवली गेली. कच्च्याचं तसं नाही. पानं कढईत हलकी परतून उन्हात वाळवतात, त्यामुळे आतली मुरण्याची क्रिया पुरती थांबत नाही आणि चकतीत दाबल्यावरही वर्षानुवर्षं संथपणे चालू राहते. मागे तीन गिऱ्हाईकं ताटकळत होती आणि तुम्ही माझ्यासाठी बारावं पाणी ओतत होतात.

भारावून मी त्या जुन्या चहाची ३५७ ग्रॅमची अख्खी चकती मागितली. कुठल्याही दुकानदाराने लगेच बांधून दिली असती. तुम्ही पंचवीस ग्रॅमची पुडी हातात ठेवलीत, 'महिनाभर प्या, मग बोलू.' शिवाय माझ्या चकतीलाही सन्मानाने वागवलंत: चहा बरा आहे, हवाबंद डब्यातून काढा, कागदातच राहू द्या, मसाल्यांजवळ ठेवू नका.

काढली आहे. पुस्तकांच्या कपाटात, वरच्या फळीवर. आवरणावर मी पेनाने लिहिलेलं '१९७५' खोडून टाकलं.

तुमची पुडी संपत आली. शनिवारी येतो. या खेपेला आधी नाव विचारीन.

आपला,
बत्तेवाला