पोलीस ठाण्याचा इतिहास दाखवा, नुसती बंदूक नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २ जानेवारीला पोलिसांचा 'रेझिंग डे' येतो. १९६१ साली याच दिवशी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांना ध्वज मिळाला. त्या आठवड्यात शाळेतली पोरे ठाण्यात जातात, बंदूक आणि बिनतारी संच पाहतात. त्याला माझी हरकत नाही. पण धरणगावच्या पोरांना आपल्या गावातल्या पोलिसांची कहाणी १८२५ पासूनची आहे, हे कोण सांगणार?

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला, तरी सातपुडा आणि सातमाळ्यातले भिल्ल काही त्यांना आवरेनात. सैन्य पाठवून भागले नाही, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीत भिल्लांचीच पलटण उभारायचे ठरले. जेम्स आउट्रम हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट त्यासाठी आला. आधी त्याने डोंगरात चढाई केली, मग त्याच लोकांबरोबर शिकारीला जाऊन त्यांना भरतीला राजी केले. 'खानदेश भिल्ल कोअर'चे ठाणे धरणगावला होते. २०२५ मध्ये त्याला दोनशे वर्षे झाली.

आउट्रमचे कौतुक पुष्कळ झाले, अगदी वेस्टमिन्स्टर ॲबेत पुरण्यापर्यंत. त्याच्या हाताखालच्या शिपायांची नावे मात्र गावात कुणाला ठाऊक नाहीत. शिवाय ही गोष्ट सरळ नाहीच. सेंधव्याच्या घाटाची राखण ज्याच्याकडे होती, तो खाजा नाईक १८५७ मध्ये इंग्रजांवरच उलटला, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. राखणदार आणि बंडखोर एकाच समाजातले. प्रदर्शन लावायचेच तर हेही लावा.

खेड्यापाड्यांतला बंदोबस्त खरे तर पाटील आणि जागल्यावर होता. रात्री गस्त घालायची, चोराचा माग काढायचा, ठाण्यात वर्दी द्यायची ती जागल्याने. १ जानेवारी १९६३ पासून वतनी पाटीलकी गेली, १९६७ च्या कायद्याने नेमणुकीचा पोलीस पाटील आला. जागल्याचे काय झाले, हे पाहायला कुणाला सवड झाली नाही.

आणि हजेरीच्या वह्या? गुन्हेगार जमाती कायद्याखाली फासेपारध्यांसारख्यांना जन्माने गुन्हेगार ठरवून हजेरी लावायला लावत. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, नजर मात्र सगळीकडे बदललेली नाही. ही पाने वगळून मांडलेला इतिहास मला तरी नको.

माझी मागणी एवढीच आहे. मुदत संपलेले दप्तर नियमाप्रमाणे नष्ट करण्याआधी जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या पोलीस अधीक्षकांनी ते जाणकारांकडून एकदा तपासून घ्यावे. जुन्या नोंदी, मोडीतले कागद, जागल्यांच्या नेमणुकांचे हुकूम असे जे सापडेल ते पुराभिलेखागाराकडे द्यावे आणि त्याच्या प्रती ठाण्यात लावाव्यात. येत्या रेझिंग डेला निदान धरणगावात सुरुवात व्हावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, धरणगाव (जि. जळगाव)