नॅकच्या फाइलीत न गेलेली वही

संपादक महोदय,

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी 31 वर्षं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होतो. ब्युरेट, म्हणजे थेंब थेंब द्रावण सोडायची तोटीवाली काचनळी, धुवा, द्रावण करून ठेवा, पोट्टे गेले की टेबल पुसा, हे माझं काम.

नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था. तिची समिती यायची म्हटलं की भिंतींना रंग लागे, झाडांच्या बुंध्यांना गेरू लागे. मागच्या तारखांच्या सह्या होत. मीही केल्या, खोटं कशाला बोलू.

माझ्याजवळ मात्र एक दोनशे पानी वही होती. कोणती ब्युरेट गळते, कोणत्या दिवशी प्रॅक्टिकल झालं नाही आणि का, एवढंच त्यात. दरवर्षी तेच दिसे. सोयाबीन सोंगणीला आणि पुढं कापूस वेचायला पोरं गायब, पोरी जास्तच. परत आल्यावर दुसऱ्याच्या जर्नलातून रीडिंग उतरवून घेत. रंग बदलायला ब्युरेटमधलं द्रावण किती लागलं, याचं सगळ्या वर्गाचं उत्तर 9.8 मिली! एकाचंही 9.7 नाही.

तासिका तत्त्वावरच्या एका सरांनी ती वही पाहिली आणि दिवाळीनंतर शनिवारी राहिलेली प्रॅक्टिकलं पुन्हा लावली. एका पोरीनं तेव्हा पहिल्यांदा स्वतःच्या हातानं ब्युरेटची तोटी फिरवली. एक थेंब जास्त पडला, फिकट गुलाबीऐवजी गर्द रंग आला. पुन्हा केलं. उत्तर 10.1 आलं. ती घाबरली, सर म्हणाले, "तेच लिही."

पुढच्या वर्षी ते सर नव्हते.

नॅक 1994 सालची. तिच्या नियमाप्रमाणे कॉलेजात अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष असतो, तो दरवर्षी अहवाल पाठवतो. नियमात खोट नाही. विद्यार्थ्यांचं मतही त्यात विचारतात. पण आमच्याकडं कक्षाची बैठक अहवालाची तारीख डोक्यावर आली की व्हायची. फोटो, आमंत्रणपत्रिका, हजेरीपट गोळा करायला माणसं धावत. तोटी का गळते, हे कोणी विचारलं नाही.

माझी विनंती लहान आहे. महिन्यातून एकदा त्या बैठकीत परिचराला आणि ग्रंथालयातल्या शिपायालाही बसवा. या महिन्यात कोणतं प्रॅक्टिकल बुडालं आणि ते कधी घेणार, हे आधी विचारा. खर्च दोन कप चहाचा.

निवृत्तीला शाल-नारळ मिळालं. वही माझ्याच घरी आहे. सोयाबीन दसऱ्याच्या आगेमागे सोंगायला येतं, वेळापत्रक लावणाऱ्यांनी तेवढं आताच पाहून घ्यावं.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा परिचर, जि. यवतमाळ