सार्जंटच्या पाठपिशवीतलं मॉस्को

पुणे,
रविवार

प्रिय दिलीप,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू ठासून म्हणालास, की मोहिमेचं खरं कळायचं तर शिपायांनी त्या त्या वेळी घरी धाडलेली पत्रं वाचावीत. मागाहून लिहिलेल्या आठवणींत मीठमसालाच जास्त. तेव्हा वाद घातला नाही, कारण तू मधे बोलू देत नाहीस. म्हणून हे लिहून पाठवतोय.

नेपोलियनची रशियावरची स्वारीच घे. १४ सप्टेंबर १८१२ ला फौज मॉस्कोत शिरली आणि १९ ऑक्टोबरला माघारी निघाली. दरम्यान शहराचा मोठा भाग जळून गेला. पत्रांत आगीची वर्णनं आहेत, नाही असं नाही. पण फिरून फिरून येतं ते हेच: बायकोसाठी फर कुठे मिळेल, माझी प्रकृती उत्तम आहे, लवकरच तह होईल. अरे, घरचं माणूस वाचणार म्हटल्यावर कोण काय लिहिणार? आपल्याकडेही ‘इकडील सर्व क्षेम’च असायचं ना! गंमत म्हणजे यातली बरीच पत्रं घरी पोहोचलीच नाहीत. कोसॅकांनी, म्हणजे रशियन फौजेतल्या घोडेस्वारांनी, टपाल वाटेतच पकडलं, कागद रशियन दप्तरात जाऊन पडले, म्हणून तर १९१३ साली ते छापता आले.

आता मागाहून आठवणी लिहिणारा सार्जंट बुर्गोन बघ. हा नेपोलियनच्या बादशाही गार्डातला. मॉस्को सोडल्यावर पाठपिशवी फार जड लागते म्हणून त्याने ती उघडून पाहिली. आत साखर, तांदूळ, बिस्किटं, अर्धी बाटली दारू, सोन्याचांदीच्या कशिद्याचा बायकी चिनी रेशमी झगा, चांदीत घडवलेली चित्रं, आणि हिरे जडवलेली कुणा रशियन सरदाराची पिकदाणी! यातून त्याने टाकून काय दिलं असेल? स्वतःची पांढरी विजार. इतक्यात लागणार नाही म्हणे. ही यादी आईला लिहिलेल्या पत्रात आली असती असं तुला वाटतं? लूट ती लूट, आणि तो ती लपवत नाही.

पुढे थंडीत त्याला थोडे बटाटे मिळाले. सोबत्यांना कळू न देता ते त्याने दडवून ठेवले. खायला काढले तेव्हा गोठून दगड झालेले, दात लागेना. आपल्या आप्पलपोटेपणाची लाज वाटली हेही त्याने लिहून ठेवलंय. मीठमसाला घालणारा माणूस स्वतःला असा उघडा पाडत नाही रे.

आठवणी लिहिणारा दुसरा याकोब वॉल्टर, वुर्टेंबर्ग या जर्मन राज्यातला गवंडी, नेपोलियनच्या फौजेत सक्तीने भरती झालेला. आपल्या डोक्यात रशिया म्हणजे बर्फ, पण फौज झिजायला लागली ती भर उन्हाळ्यातच. तो सांगतो: दलदलीत तीन फूट खड्डा खणायचा, त्यात कोमट, तांबडं-तपकिरी पाणी साचायचं, बारीक लाल किड्यांनी बुजबुजलेलं. मग त्यावर फडकं धरून तोंडाने ओढून प्यायचं. स्वारीचं कारण, डावपेच, यातलं त्याला फारसं ठाऊक नाही आणि त्याची त्याला पर्वाही नाही. पीठ कुठे मिळालं, उवा किती झाल्या, हे मात्र त्याच्या नीट ध्यानात आहे. इतकं वर्षांनंतर कसं आठवलं, असं तू विचारशील. तहान विसरते होय?

आठवणींत तारखा घसरतात, संवाद सजतात, हे कबूल. तारखांसाठी पत्रं जरूर धर. पण भुकेसाठी आणि चोरीसाठी मी या दोघांकडेच जाईन.

वॉल्टरचं हस्तलिखित घरच्यांबरोबर अमेरिकेला गेलं आणि १९३८ साली कॅन्सास विद्यापीठाने ते छापलं. पुस्तक अगदी पातळ आहे. पुढच्या आठवड्यात नितीन तुमच्याकडे येतोय, त्याच्या हाती देतो. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, खोडू नकोस. आणि या वेळी परत दे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत