दूध नव्हतं तरी तोंड पोळलं

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत छोट्या व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच न वापरणाऱ्या, रेस्टॉरंटवर पानभर लेख आला होता तो वाचला. फोटो झकास, लिहिलंयही चटपटीत, एका घासात थायलंड आणि दुसऱ्यात इथिओपिया वगैरे. पण अख्ख्या लेखात काय नाही याचीच यादी होती बघा, दूध नाही, अंडी नाहीत, मध नाही, मासे नाहीत. अहो मग ताटात आहे काय? हे विचारायची वेळ आमच्यावर कशी आली ते सांगते, म्हणजे मी एवढं लांबलचक का लिहितेय ते कळेल.

आधीच सांगून टाकते, मी व्हीगन नाही आणि होईन असं वाटतही नाही. माझी भाची तीन वर्षांपासून आहे. सुरवातीला आम्ही घरातले सगळे तिची थट्टा करायचो, आता नाही करत, कारण ती कुणाच्या ताटात डोकावत नाही की कुणाला डोस पाजत नाही. तिच्या वाढदिवसाला ती म्हणाली, मावशी, काका, यावेळी मी सांगेन तिथे जायचं. गेलो.

जागा म्हणजे सहा टेबलं. एक स्वैपाकी, एक वाढणारा मुलगा, बिलाचं पण तोच बघतो. मेनूकार्ड म्हणजे एकच कागद पण त्यावर इथिओपिया, लेबनॉन, थायलंड, जपान, इटली, मेक्सिको सगळे शेजारी शेजारी नांदतायत. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की एक ना धड भाराभर चिंध्या. एवढ्याशा किचनमधे सहा देश कसे काय रांधणार हे लोक? मग भाचीने समजावलं की मावशी नावं सहा देशांची असली तरी डबे तेवढेच आहेत. काबुली चणे घेतले की त्यात तीळ घालून हमस, कच्चेच वाटून तळले की फलाफल, आणि ते शिजवताना जे पाणी उरतं ते सुद्धा फेकत नाहीत, ते घुसळलं की अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस येतो आणि त्याचं डेझर्ट होतं. मला वाटलं ही फिरकी घेतेय माझी. पण खरंच आहे ते, २०१४ च्या सुमाराला एका फ्रेंच माणसाच्या हे लक्षात आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला अॅक्वाफाबा असं भारदस्त नाव मिळालं. चण्याच्या पाण्याला!

तर हे डब्यांचं लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं आहे.

पहिली आली ती इंजेरा. टेफ नावाचं एक धान्य असतं, दाणा खसखशीएवढा बारीक, त्याचं पीठ दोनतीन दिवस आंबवून एकाच बाजूने भाजतात, त्यामुळे वरच्या अंगाला जाळी पडते, डोळेच डोळे. ताटभर ती पसरलेली आणि तिच्यावरच मसूर, कोबी-गाजर, पालेभाजी आणि मधोमध शिरो, म्हणजे चण्याच्या पिठाचं दाटसर लालभडक कालवण, अशा ढिगल्या मांडलेल्या. चमचा नाही. कडेने तुकडा तोडायचा, कालवण उचलायचं, आणि मधला भाग तोवर सगळे रस पिऊन बसलेला असतो तो शेवटी खायचा. ह्यांनी तो मधला भाग मला न विचारता संपवला हे इथे नोंदवून ठेवते.

आणि गंमत म्हणजे हे काही व्हीगन लोकांसाठी कुणी नव्याने शोधलेलं नाहीये. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे उपास असतात, दर बुधवार शुक्रवार, शिवाय ईस्टरच्या आधीचे ५५ दिवस, आणखीही बरेच, त्या दिवसांत मांस, दूध, लोणी, अंडी काहीच चालत नाही. त्यामुळे शिरो उपासाला तेलातला आणि एरवी मसाल्याच्या लोण्यातला, पदार्थ तोच. म्हणजे व्हीगन हा शब्द इंग्लंडमधे १९४४ साली डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मंडळींनी काढला त्याच्या कितीतरी आधीपासून तिकडे लोक हे जेवतायत. असे पदार्थ मला आवडतात, ज्यांना काही वगळल्याचं दुःख नसतं. फलाफलही तसंच, मोडलं तर आत हिरवंगार, कोथिंबीर आणि पार्सलीमुळे, आणि वरचं कवच कुरकुरीत. चणे शिजवून घेतले तर ते तेलात फुटतं, म्हणून नुसते भिजवूनच वाटायचे असतात, हे त्या वाढणाऱ्या मुलाने सांगितलं. इजिप्तमधे म्हणे चण्यांऐवजी बाकला वापरतात.

इथवर सगळं उत्तम चाललेलं. मग ह्यांनी पास्ता मागवला.

कार्डावर लिहिलेलं "क्रीमी अल्फ्रेडो, शंभर टक्के डेअरी फ्री". ह्यांना काजूची अॅलर्जी आहे, आजची नाही, लहानपणापासूनची. बाहेर कुठेही गेलो की गोड पदार्थ, केक, पुलाव सगळ्याला हे आधी विचारतात काजू आहेत का म्हणून. इथे नाही विचारलं. का नाही विचारलं तर डोक्यात हेच बसलेलं की इथे सगळं साधं भाज्याबिज्यांचं असतं, आणि भाचीही म्हणाली की काका इथे दूधदुभतं काही नाही, निर्धास्त खा. तिला बिचारीला दूध म्हणजेच धोका. पांढरा सॉस बघून ह्यांना दूधच वाटलं, म्हणजे दुधासारखं काहीतरी, नारळाचं असेल, सोयाचं असेल. एक घास. दुसरा काट्याला गुंडाळलेला तसाच राहिला आणि हे म्हणाले जीभ चुरचुरतेय. पाच मिनिटात ओठ सुजायला लागले.

नशीब एकच घास होता. गोळी खिशात असते ती घेतली, ताबडतोब जवळच्या दवाखान्यात नेलं, त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बराच वेळ बसवून ठेवलं कारण एकदा बरं वाटलं तरी पुन्हा उलटू शकतं म्हणे. वाढदिवसाचा केक डब्यात तसाच. भाचीचा चेहरा तर बघवत नव्हता. म्हणतात ना दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, इथे तर दूध नव्हतं हाच सगळा घोळ झाला.

आता मी चिडून "असली हॉटेलं बंद करा" छाप पत्र लिहीत नाहीये. चूक आमचीही आहे, अॅलर्जी असलेल्याने विचारायलाच हवं, हॉटेल व्हीगन असो नाहीतर कसलंही. पण नंतर मी जरा वाचलं, भाचीकडून समजून घेतलं, आणि मग कळलं की हा योगायोग नाहीये, तिथे काजू असणारच होते. काजू रात्रभर भिजवून वाटले की अगदी मऊसूत होतात, स्वतःची ठसठशीत चव नाही, गरम केलं की दाट होतात. त्यात लिंबू आणि न्यूट्रिशनल यीस्ट म्हणजे पिवळसर भुरभुरीत असं निर्जीव केलेलं यीस्ट घातलं की चीजची चव. साखर घातली की चीजकेक. मिरची घातली की मेक्सिकन डिप. पाणी जास्त घातलं की सूपवरची साय. मघाशी म्हंटलं ना डबे तेवढेच असतात, तर सहा देशांच्या मधे जो एक डबा सारखा उघडतो तो काजूचा. आणि मिक्सर? छोट्या किचनमधे मिक्सर एक किंवा दोन. म्हणजे ज्या डिशमधे काजू नाहीत तिच्यातही भांड्याला चिकटलेले येऊ शकतात. शिवाय ज्याला काजू चालत नाहीत त्याला बरेचदा पिस्तेही चालत नाहीत, दोन्ही एकाच कुळातले, आणि पिस्ते घातलेला बकलावा, ती पदर सुटणारी गोड मिठाई, काचेच्या बरणीत समोरच ठेवलेला होता.

बाकीचं पण बघा ना. हमसमधे ताहिनी म्हणजे तीळ. टोफू, टेंपे, मिसो म्हणजे सोयाबीन. आणि ते "मॉक डक" म्हणजे नकली बदक म्हणून जे मिळतं ते बऱ्याचदा सेइतान, गव्हाचं पीठ धुवून धुवून स्टार्च काढला की जो चिवट गोळा उरतो तो, म्हणजे जवळजवळ शुद्ध ग्लूटेन, गव्हातलं प्रथिन. ज्याला सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेन न सोसणारा आजार, आहे त्याने तर हात लावायचा नाही. दूध अंडी काढली की पदार्थ हलका आणि निर्धोक झाला असं आपण धरून चालतो, आणि त्या जागी जे येतं ते नेमकं अॅलर्जीच्या यादीतलं असतं. युरोपियन युनियनमधे अशा १४ गोष्टींची यादी आहे, सुकामेवा, तीळ, सोया, ग्लूटेनवालं धान्य सगळं त्यात येतं, आणि डिसेंबर २०१४ पासून हॉटेलांनाही गिऱ्हाइकाला ती माहिती द्यावीच लागते. अमेरिकेत पाकिटबंद मालावर तीळ लिहिणं १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचं झालं. म्हणजे जमू शकतं हो, अवघड नाहीये.

भाचीची बाजू पण लिहायला पाहिजे नाहीतर ती माझ्याशी बोलणार नाही. ती म्हणते मावशी, तुला एका दिवशी जे झालं ते मला बाकीच्या हॉटेलात रोज होतं. फक्त भाज्या घातलेली थाई करी मागवली तर मसाल्याच्या गोळ्यात सुकी कोलंबी आणि वर फिश सॉस. जपानी सूप बघायला गेलं तर नुसतं टोफू आणि पात, पण पाणीच मुळी सुकवलेल्या माशाच्या कात्रणांत उकळलेलं. किमची म्हणजे कोबी, बरोबर, पण आत खारवलेली कोलंबी. मेक्सिकन राजम्यात डुकराची चरबी. वाढणाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो "व्हेजच आहे मॅडम" आणि तो खोटंही बोलत नसतो, त्याला माहीतच नसतं. म्हणून सहा टेबलांच्या त्या जागेत तिला हायसं वाटतं, एकही प्रश्न न विचारता अख्खं कार्ड तिचं असतं. तिथलं जपानी सूप केल्प म्हणजे समुद्री शेवाळ आणि शिताके मशरूमवर करतात आणि चवीला जराही कमी नव्हतं, असणार कसं, उमामी नावाची जी चव आहे ती किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मधे याच केल्पमधून तर शोधली. हे मला पटलं. म्हणजे तिला जे हवंय तेच मला हवंय, काय आहे ते कळलं पाहिजे.

नावांवरून वाद घालणारे असतात, की चीज नाही तर चीज म्हणता कशाला. युरोपच्या कोर्टाने २०१७ साली तसं सांगितलंच आहे की झाडापासून केलेल्या वस्तू दूध, चीज, बटर म्हणून विकायच्या नाहीत, नारळाच्या दुधासारखे थोडे अपवाद सोडून. मला त्या भांडणात फारसा रस नाही. चीज म्हणा, पण पुढे "काजूचं" एवढं लिहा की. एक शब्द. तो लिहिला असता तर ह्यांनी तो पास्ता मागवलाच नसता.

लेखात अजून एक वाक्य होतं की या जेवणातून "शरीराला लागणारं सगळं मिळतं". तर बी१२ मिळत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं, भाची स्वतः घेते आणि तिनेच मला हे लिहायला सांगितलंय.

दोन आठवड्यांनी आम्ही परत गेलो. हो, परत. हे नको म्हणत होते पण भाचीला वाईट वाटेल म्हणून आले, आणि मला खरं सांगायचं तर त्या इंजेराची आठवण येत होती. त्या स्वैपाक्याला त्या दिवशी काय झालं ते नीट सांगितलं. माणूस बावरला अगदी, वाद घातला नाही, उलट आत जाऊन डबे बाहेर घेऊन आला आणि एकेक पदार्थात काय पडतं ते सांगत बसला, मागे गिऱ्हाईक ताटकळत. स्वतःच चक्रावला मोजताना, कागदावरच्या १९ पदार्थांपैकी ११ मधे काजू. त्याने पेनने प्रत्येकापुढे एकेक खूण केली, काजूला का, तिळाला ती, सोयाला सो, गव्हाला ग. खाली लिहिलं की मिक्सर एकच आहे. ते वाचून ह्यांनी फक्त वाफवलेला भात आणि परतलेल्या भाज्या घेतल्या, वेगळ्या कढईत करून दिल्या त्याने, आणि पूर्ण वेळ माझ्या ताटातल्या फलाफलकडे बघत होते. चटणी वाटायचा मिक्सर तोच, त्यामुळे ते पण नाही.

तेव्हा विनंती एवढीच की तुमच्या पुरवणीत हॉटेलांबद्दल लिहिता तेव्हा सजावट आणि चवीबरोबर एक ओळ याचीही टाका, कार्डावर काय घातलंय ते लिहिलेलं आहे का, आणि विचारलं तर नीट सांगतात का. तुमचा लेखक जेवायला जातोच आहे, जाता जाता विचारेल. आणि त्या १९ पदार्थांचा नवीन छापील कागद झाला की भाची मला फोटो पाठवणार आहे, पाहिजे तर तुम्हालाही पाठवते.

कळावे,
आपली नेहमीची वाचक